यंत्राचा देशकालोच्चार

कोणत्याही कर्माचा आरंभ संकल्पाने होतो आणि संकल्पाचा आरंभ देशकालाच्या उच्चाराने, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरी, कोणत्या तिथीस आपण हे कर्म करीत आहो, हे म्हटल्यावाचून पुरोहित पळीस हात लावीत नाही. कोकणातून किंवा गोमंतकातून उत्तरेस गेलेल्या पुरोहितास हा उच्चार बदलावा लागतो. इंदूर नर्मदेच्या उत्तरेस आहे. तेथे जुन्या सवयीने दुसऱ्याच नदीचा तीर तोंडी आला, तर जाणता यजमान हळूच खाकरतो.

संगणकासही असाच एक देशकालोच्चार असतो. आपण कोणत्या देशात आहो, तारीख कोणत्या क्रमाने लिहावयाची, मोठ्या संख्येत स्वल्पविराम कोठे द्यावयाचा, कोणत्या भाषेची अक्षरे घ्यावयाची, हे त्याने मनाशी ठरविलेले असते. फरक इतकाच की हा उच्चार बहुधा यजमानाने केलेला नसतो. तो कारखान्यातून ठरून येतो, आणि फार काळपर्यंत तो अमेरिकेच्या नावाने ठरून येत असे. तो बदलण्याची जागा म्हणजे सेटिंगची विंडो. ही विंडो माणसाने हाताने उघडावी अशीच तिची योजना. पण तीच विंडो यंत्राकडूनच उघडवून घेण्याची, बटणे दाबवून घेण्याची एक विद्या गेल्या तीसपस्तीस वर्षांत निर्माण झाली आहे. तिचा थोडासा इतिहास येथे सांगावयाचा आहे, आणि तो सांगण्यास आम्हांस निमित्त झाले ते इंदुरातील एका अभिषेकाचे.

सन २०११ च्या गणेशोत्सवात काही व्याख्यानांच्या निमित्ताने आम्ही इंदुरास होतो. तेथील एका देवालयाच्या कार्यालयात आमचे रोजचे जाणेयेणे असे. देवालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ५ सप्टेंबर रोजी, सोमवारी, देवासहून एक कुटुंब आले. मूळचे गोव्याकडील, पतीपत्नी आणि वृद्ध आई. दिवंगत वडिलांच्या नावाने वार्षिक अभिषेकाची वर्गणी त्यांनी मार्चमध्येच भरली होती. पुरोहितांनी त्या दिवसाची यादी पाहिली, तीत नाव नव्हते. शोध घेता नाव निघाले ते मे महिन्याच्या यादीत, ९ तारखेस. त्या दिवशी अभिषेक यथासांग झाला होता. यजमान कोणी हजर नव्हते, एवढेच. पुरोहित सज्जन, त्यांनी तत्काळ पुन्हा तयारी केली. परंतु आजीबाईंनी विचारलेला प्रश्न तसाच राहिला. त्या म्हणाल्या, “मागीर मे म्हयन्यांत कोणाच्या नांवान जालो?” कार्यालयातील वृद्ध कारकुनांची मान खाली गेली. तीस वर्षे ज्यांच्या वहीत खाडाखोड झाली नाही, त्यांच्यावर ही पाळी.

चूक कोठे झाली ते आम्ही दुपारी बसून पाहिले. कार्यालयात पाच संगणक होते. त्यांपैकी तीन अमेरिकन देशकालावर चालत होते, दोन भारतीय. कारकुनांनी मार्चमध्ये एक्सेलच्या तक्त्यात ५/९/२०११ असे लिहिले ते पहिल्या प्रकारच्या यंत्रावर. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस मागून, म्हणून यंत्राने ते ९ मे असे घेतले. मात्र पडद्यावर ५/९/२०११ असेच दाखविले, कारण ९ मे लिहिण्याची त्याची रीतही तीच! पुढे ती फाईल दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेऊन महिनावार याद्या काढल्या, तेथे ०९-०५-२०११ असे छापून आले आणि ते कोणास खटकले नाही. वाराने तरी सावध करावे, तर तेही नाही. ९ मे आणि ५ सप्टेंबर हे दोन दिवस कोणत्याही वर्षी एकाच वारी येतात, त्या वर्षी दोन्ही सोमवार होते.

या घोटाळ्याचा एक विलक्षण गुण असा की तो अर्ध्याच ठिकाणी होतो. १३/८ असे लिहिले तर अमेरिकन यंत्रास तेरावा महिना सापडत नाही; ते ती तारीख न समजता नुसता मजकूर म्हणून डावीकडे ठेवून देते. ज्या तारखेचा आकडा १२ किंवा त्याहून लहान, तेथेच उलटापालट. वर्षात असे एकशे चव्वेचाळीस दिवस. त्यांतून १/१, २/२ असे बारा वगळले तर एकशे बत्तीस उरतात. हे एकशे बत्तीस दिवस वर्षभर बिनबोभाट चुकत राहू शकतात.

आता इलाज काय? पाचही यंत्रांवर सेटिंगची विंडो उघडून देश बदलावयाचा, तारखेची रीत बदलावयाची, आणि हात लावलाच आहे तर मराठी व कोकणी लिहिण्याची सोयही करून घ्यावयाची. ऐकावयास सोपे. ती यंत्रे विंडोज एक्सपीची होती. कंट्रोल पॅनेल, तेथून ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’, तेथे तीन पाने. दुसऱ्या पानावर एक लहानसा चौकोन. त्यात खूण केली तरच देवनागरी नीट जुळून दिसणार, म्हणजे जोडाक्षरे तुटणार नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसणार नाही. त्या चौकोनाचे नाव तरी काय? ‘जटिल लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा’, आणि कंसात, थाईसह! इंदूरच्या कारकुनाने आपली मराठी या पाटीखाली शोधावी अशी अपेक्षा होती. खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. मग बंद करून पुन्हा सुरू करावयाचे. मग पुन्हा तीच विंडो, आतील आणखी एक विंडो, तीत भाषा जोडावयाची. एका यंत्रास पंधरावीस टिचक्या, आणि एक विसरली की पुन्हा आरंभापासून.

कारकुनांचा पुतण्या इंदुरातच अभियांत्रिकी शिकत होता. त्याने काका बसले होते त्या खुर्चीकडे पाहिले आणि म्हणाला, “हे हाताने करावयाचे नाही, स्क्रिप्टने करू.”

येथे थोडे मागे गेले पाहिजे.

सेटिंगची विंडो ही कल्पना फार जुनी नाही. १९८१ साली झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या यंत्रात प्रत्येक वस्तूचे गुणधर्म दाखविणारे एक पत्रक पडद्यावर उघडत असे. तो तिचा एक पूर्वज. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये कंट्रोल पॅनेल आले ते जवळजवळ निःशब्द होते. वेग कमी की जास्त हे सांगण्यास तेथे कासव आणि ससा काढलेले होते. इसापाची गोष्ट ठाऊक असलेल्या कोणाही मुलास ते कळावे. पुढे विंडोजच्या काळात ससा गेला, कासव गेले आणि पानामागून पाने शब्दांची झाली. शब्द आले की भाषा आली, आणि ती इंग्रजी होती.

त्या पानांवर आपल्या भाषा केव्हा आल्या? भारतीय लिप्यांसाठी पुण्याच्या सी-डॅकने केलेले कार्य त्याआधीचे आहे, पण खुद्द विंडोजने देवनागरीस घरात घेतले ते फेब्रुवारी २००० मध्ये, विंडोज २००० या आवृत्तीत. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आमच्या र. कृ. जोशी यांच्या हातचा, हे पुष्कळांस ठाऊक नसते. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेस एक क्रमांक दिलेला आहे. हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२, आणि तिला अगदी लागून संस्कृतचा ११०३. कोकणीचा ११११. चार एक ओळीने उभे. लक्षात ठेवण्यास याहून सोपा आकडा नाही. कोकणी १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, आणि २००० साली या यादीत. मात्र कीबोर्ड पाहू गेल्यास मराठीस स्वतःचा, आणि कोकणीस (संस्कृतलाही) हिंदीचा मांडलेला कीबोर्ड उसना दिलेला. नाव यादीत आहे, पण घरात चूल वेगळी नाही, असा हा प्रकार. आमच्या कोकणी लेखकांस हा अनुभव नवा नसावा.

इंदूरचा या इतिहासात स्वतःचा वाटा आहे. १९९९ साली ‘वेबदुनिया’ हे हिंदीतील आरंभीचे संकेतस्थळ याच शहरातून सुरू झाले. तरीही शहराच्या कचेऱ्यांत, आणि आमच्या संस्थांतही, टंकलेखन दीर्घकाळ ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टांतच चालले. त्यांत आतून इंग्रजी अक्षरे आणि वरून देवनागरीचा मुखवटा असतो. फाईल दुसऱ्या यंत्रावर नेली आणि तेथे तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडकडे जावयाचे तर वाट त्या थाईसह चौकोनातूनच होती.

आता स्क्रिप्टची गोष्ट. यंत्राने माणसाच्या हाताची नक्कल करावी ही इच्छा विंडोजइतकीच जुनी आहे. १९९० च्या विंडोज ३.० मध्ये ‘रेकॉर्डर’ नावाचे एक साधन होते. तुम्ही जे दाबाल ते ध्यानात ठेवावयाचे आणि पुन्हा तसेच दाबून दाखवावयाचे. विंडोज ९५ मध्ये ते काढून टाकण्यात आले. मॅकिंटॉशवर १९९३ साली ‘ॲपलस्क्रिप्ट’ आली. तिची वाक्यरचना इंग्रजी बोलण्याच्या वळणाची. विंडोज ९८ मध्ये लहान आज्ञापत्रे चालविण्याची सोय परत आली. आणि १९९९ साली जोनाथन बेनेट यांनी ‘ऑटोइट’ ही स्क्रिप्टभाषा केली, ती मुळात हजारो संगणक एकसारखे मांडून देण्याच्या कामासाठीच. पुढे २००३ साली ख्रिस मॅलेट यांची ‘ऑटोहॉटकी’ आली; ती याच घराण्यातील शाखा.

आमच्या जुन्या दफ्तरांत ‘मेस्तक’ असे. हेमाद्रीच्या नावाने चालत आलेल्या या लेखनपद्धतीत कोणास कोणता मायना लिहावा हे एकदा ठरवून दिलेले असे, म्हणजे कारकुनाने प्रत्येक पत्रास नवा विचार करू नये. होळकरांच्या दफ्तरातील मोडी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांस ही सवय अक्षरांतूनच दिसते. स्क्रिप्ट हे यंत्राचे मेस्तक म्हणावयास हरकत नाही, मात्र एका भेदासह. मेस्तक वाचणारा कारकून डोळे उघडे ठेवून बसलेला असे. पहिली स्क्रिप्ट आंधळी होती.

पुतण्याने पहिल्या दिवशी लिहिली ती अशीच. कंट्रोल पॅनेल उघड, चार वेळा टॅब दाब, खाली बाण दाब, एंटर दाब. पहिल्या यंत्रावर उत्तम चालली, दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर मध्येच प्रिंटरची एक सूचना वर आली, आणि पुढचे सारे बाण व एंटर त्या सूचनेस जाऊन लागले. स्क्रिप्ट आपल्या परीने काम पूर्ण करून थांबली. सेटिंग जसेच्या तसे आणि छपाई मात्र दुसऱ्याच प्रिंटरकडे वळलेली. मुलगा खजील झाला. काका प्रथमच हसले.

दुसऱ्या दिवशीची स्क्रिप्ट डोळस होती. तीत प्रत्येक पावलाआधी एक आज्ञा घातलेली: अमुक विंडो समोर येईपर्यंत थांब. आणि बाण मोजण्याऐवजी थेट बटणाचे नाव घेऊन ते दाबावयाचे. यंत्रास विंडोच्या आतील बटणे, चौकोन, याद्या नावाने कशा ओळखता येतात, हा या इतिहासातील आम्हांस सर्वांत रम्य वाटलेला भाग. प्रत्येक विंडोस आणि तिच्यातील बहुतेक वस्तूंस विंडोज आतून एक ओळख देते, ती तर आहेच. पण पडद्यावर काय आहे, कोणते बटण कोणत्या कामाचे, कोणत्या चौकोनात खूण आहे, हे दुसऱ्या प्रोग्रामला पद्धतशीर सांगण्याची व्यवस्था १९९७ साली मायक्रोसॉफ्टने केली ती दृष्टिहीनांसाठी. पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनांस तिचा उपयोग. मॅकवरही तसेच, तेथे आज एखाद्या स्क्रिप्टला दुसऱ्या प्रोग्रामची बटणे दाबावयाची असतील, तर ‘ॲक्सेसिबिलिटी’ या सदराखाली तिला परवानगी द्यावी लागते. ज्यांस दिसत नाही त्यांच्यासाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून हे डोळे नसलेले सेवक वर चढले.

एवढे करूनही ही विद्या ठिसूळच. स्क्रिप्ट विंडोस तिच्या पाटीवरून ओळखते, आणि पाट्या बदलतात. आपल्या या विंडोचेच पाहा. विंडोज ३.१ मध्ये तिचे नाव ‘इंटरनॅशनल’. ९५ मध्ये ‘रीजनल सेटिंग्ज’. २००० मध्ये ‘रीजनल ऑप्शन्स’, एक्सपीत आणखी लांब, विंडोज ७ मध्ये ‘रीजन अँड लँग्वेज’ आणि ८ मध्ये नुसते ‘रीजन’. ग्रामदेवतेचे नाव राज्यागणिक बदलावे आणि पाषाण तोच असावा तसे. कारण ९५ पासून आजपर्यंत त्या विंडोच्या मागील फाईलचे नाव एकच आहे, आणि त्यात त्या जुन्या ‘इंटरनॅशनल’चे संक्षिप्त रूप अजून टिकून आहे. जाणते लोक म्हणून पाटी पाहत नाहीत, त्या फाईलला हाक मारतात.

याहून गमतीचा पेच आपल्याच यशातून निघाला. विंडोजचे मराठी रूप मिळू लागले, पाट्या मराठी झाल्या. आणि इंग्रजी पाटी शोधणारी स्क्रिप्ट दारात उभी राहिली ती उभीच. यंत्र मराठी करण्यास जी स्क्रिप्ट वापरावी, तिला मराठी झालेले यंत्र ओळखू येत नाही! म्हणून बटणास त्याच्या अक्षरांऐवजी अंतर्गत क्रमांकाने ओळखण्याची सवय लावून घ्यावी लागते. इंग्रजी ही जगाची एकच भाषा असे गृहीत धरून लिहिलेल्या किती स्क्रिप्टा पॅरिसमध्ये आणि टोकियोत अशाच अडल्या असतील.

विंडो न उघडताही काम होते काय? होते. सेटिंगे शेवटी रजिस्ट्री नावाच्या दफ्तरात लिहिलेली असतात. तेथे तारखेची रीत एका ओळीत आहे, आणि लाख-कोटींच्या आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्यावयाचे तर ‘तीन, दोन, शून्य’ एवढेच लिहावयाचे असते: आधी तीन आकड्यांचा गट, पुढे सारे दोनदोनांचे. पण नुसते दफ्तरात लिहिले तर चालू असलेल्या प्रोग्रामांस ते कळत नाही. विंडोतील ‘ओके’ दाबले की ती सर्वांस दवंडी पिटते, सेटिंग बदलले हो! दफ्तरात चोरपावलांनी लिहिणाऱ्यास ही दवंडी वेगळी पिटावी लागते, आणि ती विसरणारे पुष्कळ. तिसरी वाट खुद्द निर्मात्यांनी ठेवलेली होती: त्या विंडोच्या फाईललाच मजकुराची एक लहान फाईल द्यावयाची, तीत भाषागट पंधरा, म्हणजे भारतीय लिप्या, आणि आपल्या भाषेचा क्रमांक. विंडो उघडतही नाही आणि काम होते. ही वाट मोठ्या कचेऱ्यांच्या तंत्रज्ञांसाठी लिहिलेल्या कागदपत्रांत होती. देवालयाच्या कारकुनापर्यंत ती येण्याचे कारण नव्हते. पुतण्यास ती तिसऱ्या दिवशी सापडली, आणि शेवटची दोन यंत्रे त्याने तशीच केली.

पुढील इतिहास आम्ही थोडक्यात सांगतो. २००७ च्या व्हिस्टापासून महत्त्वाचे बदल करताना पडदा काळवंडतो आणि परवानगी विचारणारी जी विंडो येते, तिचे बटण साध्या स्क्रिप्टला दाबता येत नाही. आणि ते योग्यच आहे, कारण जी स्क्रिप्ट भले करते तीच चोरीही करू शकते. २०१२ पासून विंडोजच्या पॉवरशेल या भाषेत देश, भाषा, कीबोर्ड बदलण्याच्या सरळ आज्ञा आल्या. त्यांतील एकीचे नाव ‘सेट-कल्चर’ आहे. एका ओळीत संस्कृती बदलून मिळते, हे वाचून आमच्या एका शास्त्रीमित्रांची फार करमणूक झाली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’ नावाचा नवा वाडा उभा राहिला आणि जुने कंट्रोल पॅनेल मागच्या चौकात गेले. २०२२ साली मॅकनेही आपल्या सेटिंगांची सारी मांडणी बदलली, आणि दोन्हीकडे वर्षानुवर्षे चाललेल्या स्क्रिप्टा एका रात्रीत मुक्या झाल्या.

इंदुरात मात्र पाचही यंत्रांचा देशकाल शुद्ध झाल्यावर खरी परीक्षा पुढे उभी राहिली. स्क्रिप्टने यंत्राची रीत बदलली, लिहून ठेवलेल्या तारखा बदलल्या नाहीत. त्या आतून जशा घेतल्या गेल्या होत्या तशाच राहिल्या. उलट, आजवर पडद्यावर ५/९ अशी निरागस दिसणारी नोंद आता ०९-०५ अशी उघडी पडली. अशा नोंदी आपोआप उलट करणारी स्क्रिप्ट लिहितो, असे पुतण्या म्हणाला. काकांनी हात वर केला. फाईल दोन प्रकारच्या यंत्रांवर फिरलेली. कोणती नोंद कोणत्या यंत्रावर झाली हे कोणास ठाऊक? सरसकट उलटविल्या तर शुद्ध होत्या त्या अशुद्ध होतील.

मग पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती काढल्या. चार जण दोन संध्याकाळी बसले; एकाने स्थळप्रत वाचावी, दुसऱ्याने पडदा पाहावा. काकांची सवय महिना अक्षरांत लिहिण्याची, म्हणून बहुतेक नोंदी तेथल्या तेथे सुटल्या. अडली ती एक. न्यू जर्सीहून टपालाने आलेल्या वर्गणीसोबत यजमानांनी स्वतःच्या हाताने ४/६ असे लिहिले होते आणि काकांनी ते तसेच उतरवले होते. यजमान अमेरिकेत, तेव्हा ६ एप्रिल असणार, असे तिघांचे मत पडले. यंत्रानेही तेच धरले होते आणि त्या वर्षीचा अभिषेक ६ एप्रिलला होऊन गेला होता. काकांनी ऐकले नाही, पत्र लिहिले.

उत्तर आम्ही मुंबईस परतल्यावर आले. पुतण्याने ते आम्हांस कळविले. त्यात इंग्रजी तारीख नव्हतीच. वडील ज्येष्ठ शुद्ध तृतीयेस गेले, एवढेच होते. पंचांग पाहिले तेव्हा त्या वर्षी ती तिथी ४ जूनला येत होती. तीस वर्षे अमेरिकेत राहून गृहस्थांनी तारीख आपल्या रीतीने लिहिली होती आणि इंदुरातील यंत्राने ती अमेरिकन रीतीने वाचली होती. काकांनी तक्त्यातील तारखेचे घर कोरे सोडले, आणि शेऱ्याच्या घरात नव्या मराठी कीबोर्डावर एकेक अक्षर शोधत तिथी लिहिली.